खानदेशातील बँडवाल्यांस आणि गवयांस अनावृत पत्र

जळगाव व धुळे जिल्ह्यांत, तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठच्या गावोगावी लग्नसराईत वाजविणाऱ्या बँडपथकांस, आणि अहिराणीत व तिच्या शेजारच्या बोलींत गाणी रचून, ती स्वतःच गाऊन, स्वतःच्याच खर्चाने ध्वनिमुद्रित करून लोकांपुढे ठेवणाऱ्या सर्व गवयांस,



आपणांपैकी बहुतेकांचा आणि माझा प्रत्यक्ष परिचय नाही; परंतु आपला आवाज वैशाखातल्या रात्री माझी परवानगी न विचारता माझ्या घराच्या भिंती ओलांडून वर्षानुवर्षे आत येत आहे, तेव्हा मीही आपली परवानगी न विचारता हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे, याचा आपण राग मानू नये. पत्रास निमित्त झाले ते आपल्यापासून दूर असलेल्या एका मंडळीचे. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाने २०२३ साली ‘तू है’ नावाचा नवा संग्रह प्रसिद्ध केला. त्यापूर्वीचा त्यांचा ‘तंदानू’ हा संग्रह २०१४ सालचा. म्हणजे मधल्या नऊ वर्षांत ही मंडळी गावोगाव वाजवीत राहिली असली, तरी संग्रह म्हणून त्यांनी लोकांच्या हाती काही ठेवले नव्हते. नव्या संग्रहाची वार्ता आली तेव्हा महानगरांतील सुशिक्षित तरुणांनी तिचे जे स्वागत केले, त्यात एक शब्द वारंवार येत होता, आणि तो म्हणजे ‘इंडी’, अर्थात स्वतंत्र. ज्यांच्या पाठीशी मोठी कंपनी नाही, जे चित्रपटाच्या ताबेदारीत नाहीत, जे आपले गीत आपणच रचतात, आपणच वाजवितात आणि त्याच्या यशापयशाचा भार आपल्याच शिरावर घेतात, त्यांस स्वतंत्र म्हणावे, असा त्या शब्दाचा सर्वमान्य आशय आहे. हा आशय प्रामाणिकपणे लावून पाहिला, तर महाराष्ट्रातील स्वतंत्र संगीतकारांच्या यादीत पहिल्या पानावर ज्यांची नावे यावीत, ते आपण आहात. आणि त्या यादीत आपले नाव कोठेही नाही.

हे मी आपली मर्जी संपादन करण्यासाठी म्हणत नाही, वस्तुस्थिती सांगतो आहे. पारोळ्यापासून साक्रीपर्यंत आणि चाळीसगावापासून चोपड्यापर्यंत कोठेही हळदीच्या रात्री उभे राहावे: ध्वनिक्षेपकांच्या भिंती रचलेली गाडी, तिच्या मागे घरघरणारा जनरेटर, वर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड, खाली ढोल-ताशा, एखादा जुन्या पठडीतला क्लॅरिनेटवाला, आणि ध्वनिग्राहक हाती घेऊन एकाच दमात नवरदेवाच्या मामाचे नाव व गाण्याचे ध्रुपद दोन्ही म्हणणारा गवई. पुढे सबंध गाव, आजीपासून नातवापर्यंत, धुळीत नाचत असते. इंग्रजी वर्तमानपत्रांतून ज्याला रॉक संगीताचा मेळा म्हणतात, त्यात याहून अधिक काही असते असे मला, त्यांतील एक-दोन पाहिल्यावरही, वाटले नाही. एवढेच की तेथे प्रवेशास तिकीट पडते आणि नाचणाऱ्यांत आजी नसतात. सुपारी ठरविणारे आपण, इसार घेणारे आपण, गाडीचे कर्ज फेडणारे आपण, आणि पावसाने लग्न मोडले तर नुकसान सोसणारेही आपणच. तालुक्याच्या गावी दोन खोल्यांच्या घरात भिंतींना जाड कापड लावून केलेल्या ध्वनिमुद्रणगृहात आपण गाणे बांधता; शेजारच्या मळ्यात त्याचे चित्रण करता; आणि सायंकाळी ते भ्रमणध्वनीवरून सुरतेपर्यंत पोहोचलेले असते. सुरतेपर्यंत म्हणण्याचे कारण आपण जाणताच. उधना-लिंबायतच्या वस्त्यांतून, यंत्रमागांच्या आणि साड्यांच्या कारखान्यांतून राबणारे आपले हजारो भाऊबंद ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने गेले आणि बोली बरोबर घेऊन गेले. अहिराणी गाण्याचा सर्वांत आतुर श्रोता आज कदाचित खानदेशात नसून त्या मार्गाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

आणि ‘केसावर फुगे’ हे गाणे तर त्याही पलीकडे गेले. अण्णा सुरवाडे यांच्या आवाजातले ते गाणे ज्यांना अहिराणीचे एक अक्षर कळत नाही अशा प्रांतांतील मुलांच्या तोंडी बसले, तेव्हा कित्येक नागर रसिकांनी नाके मुरडली. मी त्या नाक मुरडणाऱ्यांत नाही. फुगेवाल्याची आरोळी हा गाण्याचा विषय होऊ शकतो हे ज्याला सुचले, त्याला गाणे कशाचे बनते याची समज आहे. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती त्या गाण्यावर नसून त्याच्या पुढे-मागे जे घडले नाही त्यावर आहे. ते गाणे देशभर गेले, पण त्याच्या मागून दुसरे, तिसरे, दहावे असे काही गेले नाही, की ज्यामुळे ऐकणाऱ्यास वाटावे, ही कोणती भूमी आहे, हे लोक उन्हाळ्यात काय करतात, यांची दुःखे कोणती, यांच्या बायका जात्यावर आणि झोक्यावर काय गातात. देशाने हसून दाद दिली आणि देश पुढे निघून गेला. खानदेशाच्या वाट्याला हे नेहमीच येते. चित्रपटात, नाटकात आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील विनोदी चित्रफितींत आपली बोली दिसते ती विदूषकाच्या तोंडी. आणि ज्या बोलीला सतत हसविण्याच्या कामावर जुंपलेले असते, तिला रडण्याचा अधिकार आहे हे हळूहळू तिच्या बोलणाऱ्यांनाही आठवेनासे होते.

म्हणून माझी आपणांस एकच विनंती आहे, आणि हे सारे पत्र तिच्यासाठी आहे. सुटी गाणी पुष्कळ झाली. आता एक सबंध संग्रह काढा.

संग्रह म्हणजे काय, हे आपणांस सांगण्याचा आगाऊपणा करतो, कारण त्या कल्पनेचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. लाखेच्या जुन्या तबकडीवर, जी मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेत असे, एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. ज्या बालगंधर्वांनी बालपणी जळगावात मेहबूब खाँसाहेबांकडे संगीताचे पहिले धडे गिरविले, त्यांचे रात्र-रात्र रंगणारे गाणे तबकडीने त्या तीन मिनिटांच्या चौकटीत कोंबले. आपल्यापर्यंत पोहोचले ते एवढेच. १९४८ साली अमेरिकेत दीर्घकाल चालणारी तबकडी निघाली, तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक काळ मावू लागला, आणि गाण्यांची मांडणी हीच एक स्वतंत्र कला झाली. कोणते गाणे आधी, कोणते मागून. कोठे वेग, कोठे विसावा. कोणते गाणे केवळ दुसऱ्याची वाट करून देण्यासाठी. पुढे कॅसेट आली. ऐंशीच्या दशकात ती इतकी स्वस्त झाली, की ज्या बोलींना तबकडीच्या कंपन्यांनी कधी दारात उभे केले नव्हते त्यांचीही गाणी एस्.टी. स्थानकाबाहेरच्या टपरीवर मिळू लागली. अहिराणीचा बाजार खऱ्या अर्थाने तेव्हा बसला. त्या कॅसेटींतही, बऱ्यावाईट कशाही असोत, आठ-दहा गाण्यांचा एक मेळ असे. भ्रमणध्वनीने तो मेळ मोडला आणि आपणां सर्वांस पुन्हा तीन मिनिटांच्या तबकडीत नेऊन ठेवले. अमर्याद जागा हाताशी असता आपण पुन्हा लाखेच्या तबकडीच्या मापाने गात आहो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

सुटे गाणे म्हणजे बाजारात आलेली केळीची एक फणी. ती गोड असेल, तिला भावही चांगला येईल. पण रावेर-यावलच्या बागेचा अंदाज फणीवरून येत नाही, त्यासाठी सबंध घड पाहावा लागतो. लग्नाच्या बाजारात ज्या गाण्याला मागणी आहे, तेच आपण आज रचता, कारण दुसऱ्याला गिऱ्हाईक नाही, आणि यात आपला दोष नाही. परंतु संग्रहात मागणी असलेल्या चार गाण्यांच्या आधाराने मागणी नसलेली चार गाणी उभी राहतात, आणि पुष्कळदा असे होते, की कालांतराने लोक स्मरतात ती दुसरी चार.

सुट्या सुट्या हप्त्यांनी संग्रह होत नाही असे मात्र मी म्हणत नाही. ‘इंडियन ओशन’नेच २०१० साली ‘१६/३३० खजूर रोड’ हा आपला संग्रह महिन्याला एक गाणे याप्रमाणे लोकांना फुकट वाटला. संग्रहाला दिलेले नाव म्हणजे दिल्लीतील ज्या जुन्या घरात त्यांची तालीम चाले त्या घराचा पत्ता. वाद्यवृंदातील एक मुख्य गायक आणि तबलावादक आशीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरात निवर्तले होते. तेव्हा मृत मित्राचा आवाज महिन्यामागून महिना असा लोकांसमोर येत गेला, आणि शेवटी त्या सात गाण्यांचे मिळून एक घर झाले. आपणांस हे उदाहरण परके वाटत असेल तर धुळ्याचेच देतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी रविवारी-रविवारी गीतेवर अठरा प्रवचने केली, साने गुरुजी ती समोर बसून उतरून घेत होते. फेब्रुवारीत आरंभ झाला, जूनमध्ये समाप्ती. बोलणाऱ्याला आठवड्याची उसंत, ऐकणाऱ्याला आठवड्याचा विचार, लिहून घेणारा विश्वासू, आणि सारा वेळ एकच सूत्र. त्याचा ग्रंथ झाला आणि तो भारतातील बहुतेक भाषांत गेला. साधने कोणती होती? एक तुरुंग, एक वक्ता, एक लेखणी. ध्वनिमुद्रणगृह महाग पडते म्हणून संग्रह काढता येत नाही, असे धुळ्याच्या माणसाने तरी म्हणू नये.

आता संग्रहात घालावे काय, हे सांगणारा मी कोण? परंतु श्रोता या नात्याने मागणे मागण्याचा हक्क मला आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या सासुरवाशिणी झोक्यावर बसून जी गाणी म्हणतात, त्यांत सासरची जी कैफियत असते ती कोणत्याही न्यायाधीशापुढे मांडलेल्या कैफियतीहून स्पष्ट असते. ती गाणी आज साठी उलटलेल्या बायकांपाशी उरली आहेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तिच्या रोटांचा सुगंध आणि दुसऱ्या दिवशीची मिरवणूक आपणांस ठाऊक आहे, कारण त्या मिरवणुकीपुढे आपणच वाजविता. पण कानबाईची गाणी घरात बायका म्हणतात आणि रस्त्यावर आपण भलतीच वाजविता, हे अंतर आपल्या कधी लक्षात आले आहे काय? भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईपुढे गातात, ते एक भांडार आहे. वहीगायनाचे फड आहेत, सवाल-जबाबाची ती जुनी रीत आजच्या रॅप म्हणविणाऱ्या प्रकाराची थोरली बहीण शोभावी. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरी वाजते. वाळलेला भोपळा आणि बांबू यांची ती बनलेली, आणि तिचा स्वर एकदा लागला की तुटत नाही. सातपुड्यातील पावरा मंडळींचा ढोल तर असा आहे, की तो भोंगऱ्या बाजारात ऐकल्यानंतर माणसास विलायती ड्रमसेट ही कचेरीतील वस्तू वाटू लागते. या साऱ्यांना एकत्र कोंबून खिचडी करा असे मी सुचवीत नाही. खिचडी सरकारी सांस्कृतिक महोत्सवांतून पुष्कळ शिजते. एक निवडा, त्याच्याशी महिनोन्‌महिने राहा, आणि त्यातून जे आपले म्हणून निघेल ते घाला.

जुन्याबरोबर नवेही हवे. कापसाच्या भावाचे गाणे हवे. पहाटेच्या पॅसेंजरने सुरतेस जाणाऱ्या मुलाचे हवे, आणि त्याच्या मागे राहिलेल्या म्हातारीचे हवे. चाळीसगावकडून कोयते घेऊन ऊसतोडीस जाणाऱ्यांचे हवे. भुसावळच्या मे महिन्याचे हवे, ज्याच्यावर आजवर विनोदच झाले. त्या उन्हात लोहमार्गावर काम करणाऱ्यांना तो विनोद कसा वाटतो, हे कोणी गायले नाही. पांझरेच्या कोरड्या पात्राचे हवे. हे विषय नीरस आहेत अशी शंका कोणास आली, तर त्याने आसोद्याच्या एका निरक्षर बाईकडे पाहावे. बहिणाबाई चौधरींनी नांगर, विहीर, घरोट यांखेरीज दुसरे कोठले विषय शोधले होते? त्यांची बोली नेमकी अहिराणी नव्हे; जळगाव-यावलकडची लेवा गणबोली ती, आणि तिला सरसकट अहिराणी म्हणणारे पुण्या-मुंबईचे लोक तापीचे दोन्ही काठ एकच समजतात. पण त्यांच्या गाण्यांच्या इतिहासात आपणांस शिकण्यासारखी गोष्ट निराळी आहे. त्या काम करता करता गात. लिहिता येत नव्हते. सोपानदेव हा मुलगा आणि पितांबर चौधरी हे मावसभाऊ यांनी जेवढे टिपून ठेवले तेवढे वाचले. बाकीचे हवेत गेले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या निवर्तल्या आणि १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाली. पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी त्यांतील गाण्यांना चाली दिल्या आणि ती घरोघर गेली. म्हणजे एक बाई, एक टिपून घेणारा, एक ओळखणारा, एक पुस्तक आणि एक संगीतकार, इतक्या जणांची साखळी जुळली तेव्हा खानदेशाचे गाणे महाराष्ट्राने ऐकले. साखळीतला टिपून घेणारा नसता तर बाकीच्यांना काही कामच नव्हते. आज प्रत्येकाच्या खिशात टिपून घेण्याचे यंत्र आहे, आणि तरी आखाजीची गाणी हवेत जात आहेत.

येथे आपणांपैकी जे तरुण आहेत, ज्यांनी जळगावच्या महाविद्यालयात शिकताना गिटार घेतली आणि ज्यांना ‘रॉक’ हा शब्द प्रिय आहे, त्यांच्याशी दोन शब्द स्वतंत्रपणे बोलावयाचे आहेत. गिटारीस माझा आक्षेप नाही. हार्मोनियम हीसुद्धा फिरंग्यांनीच आणली. एके काळी तिला आकाशवाणीने दाराबाहेर ठेवले होते, आणि आज तिच्यावाचून भजन अडते. माझा आक्षेप आहे तो गिटारीबरोबर दुःखही आयात करण्यास. न पडलेल्या बर्फाची, न पाहिलेल्या महामार्गांची आणि न बोललेल्या भाषेतील विरहाची गाणी धुळ्याच्या खोलीत बसून रचणारा मुलगा मला भेटतो, तेव्हा त्याच्या बोटांतील कौशल्याचे कौतुक वाटते आणि त्याच्या कानांची काळजी वाटते. रॉक संगीताचा मूळ जोर तंतूंत नसून आपल्या गावाची गोष्ट आपल्या तोंडाने मोठ्याने सांगण्यात आहे. मोठ्याने सांगण्याची कला खानदेशास शिकविण्याची गरज नाही.

‘इंडियन ओशन’चेच पुन्हा पाहा. त्यांचा ‘कंदीसा’ हा संग्रह २००० साली निघाला आणि त्यातील ‘मा रेवा’ या गीताने नर्मदाकाठचे लोकगीत देशभरच्या तरुणांच्या कानी घातले. त्या वाद्यवृंदातील राहुल राम हे बेस गिटार वाजविणारे गृहस्थ नर्मदा बचाव आंदोलनात काम केलेले. गाणे त्यांच्यापाशी आले ते ग्रंथालयातून नव्हे, खोऱ्यात राहून. त्या आंदोलनाचे महाराष्ट्राच्या बाजूचे एक ठाणे मणिबेली हे गाव होते, आणि १९९८ साली नंदुरबार जिल्हा निराळा होईपर्यंत मणिबेली धुळे जिल्ह्यात होते. म्हणजे दिल्लीची मुले ज्या खोऱ्याचे गाणे घेऊन जगभर गेली, त्या खोऱ्याचा एक भाग आपल्याच जिल्ह्याच्या दप्तरात नोंदलेला होता, आणि त्या काळी धुळे-जळगावातील एकाही वाद्यवृंदास तिकडे जाऊन ऐकावेसे वाटले नाही. हा दोषारोप मी आपणां एकट्यांवर करीत नाही. आम्हां लिहिणाऱ्यांपैकी तरी कितीजण गेले होते!

दूरचे एक उदाहरण देऊन हा भाग पुरा करतो. आफ्रिकेतील माली देशाच्या ईशान्येस, सहारा वाळवंटात, किदाल नावाचे गाव आहे. तेथल्या तुआरेग जमातीच्या निर्वासित तरुणांनी ‘तिनारिवेन’ हा वाद्यवृंद उभा केला. त्यांची गाणी तामाशेक या त्यांच्या बोलीत. ती वर्षानुवर्षे कॅसेटवरून कॅसेटवर उतरवून घेतली जात आणि उंटवाल्यांकडून, मालमोटारवाल्यांकडून हातोहात पसरत. त्यांचा पहिला मोठा संग्रह २००१ साली जगापुढे आला तो पॅरिसच्या ध्वनिमुद्रणगृहात झालेला नव्हता. किदालच्याच ‘रेडिओ तिसदास’ या बोलीभाषेतील नभोवाणी केंद्रात त्याचे मुद्रण झाले होते, आणि संग्रहाच्या नावातही त्या केंद्राचे नाव आहे. २०१२ साली त्यांच्या ‘तस्सिली’ या संग्रहास अमेरिकेचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. त्यांनी बोली बदलली नाही, अर्थ समजावून सांगण्यासाठी थांबले नाहीत, आणि वाळवंटाबद्दलच गात राहिले. जळगावासही आकाशवाणीचे केंद्र आहे, धुळ्यासही आहे, आणि विद्यापीठास तर बहिणाबाईंचेच नाव २०१८ पासून लावलेले आहे. या संस्थांच्या चालकांनी हे पत्र वाचलेच तर त्यांना माझा वेगळा अर्ज नाही. एवढीच तजवीज करावी, की आठवड्यातून काही तास एक शांत खोली, चार चांगले ध्वनिग्राहक आणि एक जाणता तंत्रज्ञ या मंडळींच्या स्वाधीन व्हावा. पुरस्कार, शाल आणि श्रीफळ यांवाचून चालेल.

आता व्यवहाराचे. हा विषय रुक्ष आहे, पण यात आपण फार नागविले जाता. पहिली गोष्ट नावांची. आपल्या गाण्यावर गायकाचे नाव असते, नाचणाऱ्या नायिकेचे असते, चित्रण करणाऱ्याचे असते. ढोलकी कोणी वाजविली, क्लॅरिनेट कोणाचे, मुखडा ज्या म्हातारीकडून ऐकला ती कोण व कोणत्या गावची, याचा दाखला नसतो. संग्रह काढाल तेव्हा ही फर्द पूर्ण लिहा. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप गाणाऱ्या मंडळींनी वारली जमातीचे गीत आपल्या गाण्यात घेतले तेव्हा ते गाणाऱ्या प्रकाश भोईर यांना त्यांनी नावानिशी बरोबरीने उभे केले. यात उपकार नव्हता, हिशेब होता.

दुसरी गोष्ट कागदाची. गाणे एखाद्या कंपनीस किंवा चित्रफितींच्या व्यापाऱ्यास द्यावयाचे असेल तर तोंडी बोलीवर देऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरला जातो. म्हणूनच आपल्यापुढे येणाऱ्या मसुद्यांत ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द न चुकता असतात. सही करण्यापूर्वी ते शोधा. २०१२ च्या दुरुस्तीने तर कवीस व संगीतकारास एक मोठे संरक्षण दिले आहे: ध्वनिमुद्रिकेतील आपल्या शब्दांवर व सुरावटीवर मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा समान वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था यांखेरीज कोणास लिहून देता येत नाही, आणि कोणी लिहून घेतला तर तो करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. परंपरागत गीतावर कोणाचीच मालकी नाही, ते ज्याने-त्याने गावे. परंतु त्याचे आपण केलेले मुद्रण आपले, आणि त्यावरचा हक्क साठ वर्षे चालतो. कानबाईचे गाणे उद्या कोणी परका स्वतःच्या नावावर चढवू पाहील, तेव्हा आपल्यापाशी तारखेनिशी मुद्रण आणि नावांची फर्द असणे हाच पुरावा.

पैशाचे काय, हा प्रश्न आपल्या ओठांवर आला असेल. लग्नाची सुपारी सोडून कोण महिनाभर तालीम करील? सोडू नका. आपली सराई माघापासून ज्येष्ठापर्यंत. पावसाळ्याचे चार महिने आपल्या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या असतात आणि वाजविणारे शेतात किंवा सुरतेस असतात. आषाढ-श्रावणाचे ते दिवस या कामाचे आहेत. आठ गाणी पुरेत. वीज जाईल, तेव्हा ती जाईल अशा बेताने काम करा. मुद्रण समोरासमोर बसून, एकाच वेळी वाजवून झाले तर अधिक चांगले. ‘इंडियन ओशन’चा ‘डेझर्ट रेन’ हा १९९७ चा संग्रह दिल्लीत रस्त्यावरच्या जाहीर मैफलीतच मुद्रित झाला, आणि त्यात जो जिवंतपणा आहे तो पुढच्या सफाईदार संग्रहांत मला तितका आढळला नाही. आपला सारा जन्म उघड्यावर वाजविण्यात गेला आहे. बंद खोलीत एकेकाचा सूर वेगळा टिपून मग यंत्राने जोडण्याची रीत आपल्यास मानवणारी नाही.

शेवटी श्रोत्यांसही एक शब्द. आपल्या घरच्या लग्नात वऱ्हाडाने एक तास या मंडळींना त्यांच्या मनाचे वाजवू द्यावे, चित्रपटाच्या गाण्यांची चिठ्ठी पुढे करू नये. आणि संग्रह निघाला तर तो फुकट मागू नये. किंमत ठेवा, गवयांनो, आणि ती छापा. धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगावच्या फुले मार्केटात ज्या दुकानी तो मिळेल, तेथे पैसे रोख मोजून घेणाऱ्यांत मी असेन. येत्या पावसाळ्यात कामास लागा, आणि पुढची आखाजी येण्यापूर्वी संग्रह आमच्या हाती द्या, ही विनंती.



आपला,
खानदेशातील एक श्रोता